वार पुरणारे हात

(रामटेक इथं कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. फक्त पाणी प्यायला थांबलो ते गाळलंय.)



'आरोग्यसेवा आणि आपण' या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी हसलो. मी डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही. मॅट्रिक झालेला डॉकवरचा मजूर आहे. ठेकेदाराच्या हजेरीवर माल चढवतो, उतरवतो, उरल्या वेळात कविता करतो. औषधातलं मला एवढंच कळतं की कंबर धरली की बाम चोळायचा आणि पाळी चुकवायची नाही. पण माझी आजी दाई होती आणि माझी आई आशा वर्कर आहे, ह्याच रामटेक तालुक्यात. म्हणजे विषय माझ्या घरातच जन्मला आणि मी त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो. खरं सांगतो, मी शंभरेक कविता लिहिल्या असतील. त्यात क्रेन आहे, समुद्र आहे, मार्क्स आहे, बाबासाहेब तर आहेतच. आजी नाही. एका ओळीत नाही. लाज वाटायची. दाई म्हणजे गावकी, गावकी म्हणजे गुलामी, आणि आपण तर पडलो विद्रोही! असला आमचा विद्रोह.

तर आजीपासूनच सुरू करतो.

दाईचं काम काय असतं ते तुमच्यातल्या नागपूर-मुंबईत वाढलेल्या पोट्ट्यांना ठाऊक नसेल. कळा सुरू झाल्या की रात्री-बेरात्री बोलावणं यायचं. पोटावरून हात फिरवून लेकरू सरळ आहे की आडवं ते ओळखायचं. बाळंतिणीला धीर द्यायचा, तिच्या शिव्या खायच्या. लेकरू आलं की नाळ कापायची. मग वार पडण्याची वाट बघायची, आणि पडली की चिमणीच्या उजेडात ती उलटून-पालटून तपासायची, कारण तुकडा आत राहिला तर बाई रक्तानं जाते. मग खड्डा खणून ती वार पुरायची, कुत्र्यानं उकरू नये इतकी खोल. रक्ताचे कपडे नाल्यावर नेऊन धुवायचे. बाजेखाली इस्तो ठेवून बाळंतिणीला शेक द्यायचा, लेकराला न्हाऊ घालायचं. ही सगळी विद्या. शाळा नाही, पुस्तक नाही, सर्टिफिकेट नाही. सासूकडून सुनेला मिळालेली.

आणि ही विद्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी गावकुसाबाहेरच्या बायांच्या वाट्याला का आली? कुठं महारीण, कुठं मांगीण, कुठं न्हाव्याच्या घरची बाई. विद्येची कदर होती म्हणून नाही. रक्त विटाळ, वार विटाळ, नाळ विटाळ, म्हणून. सवर्णाच्या लेकराला ह्या जगात पहिला हात लागायचा तो अस्पृश्य बाईचा. मग बाराव्या दिवशी घर शिंपडून-सारवून झालं की त्याच बाईनं अंगणाच्या खाली उभं राहायचं. मिळकत काय? सूपभर धान, एखादं जुनं लुगडं आणि उरलंसुरलं अन्न.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली. आमच्या गावातल्या लोकांनी बसून ठरवलं, मेलेली ढोरं ओढणार नाही, गावकीचं एकही काम करणार नाही. बरोबरच ठरवलं. पण दाईपणाचं काय? पुरुष म्हणाले, तेही बंद. आजीची सासू बंद झाली. आजी नाही झाली. काही वर्षांनी पाटलाच्या सुनेचं लेकरू आडवं आलं आणि माणूस धावत वस्तीत आला, तेव्हा आमचा आजा दारात आडवा उभा राहिला. आजीनं त्याला जे सांगितलं ते तिनं मला इतक्या वेळा ऐकवलं की पाठ आहे. "मेलं ढोर वढणं सोडलं, बेस केलं. पण जितं लेकरू आडवं आलं तं मी का हिशोब करत बसू?"

पण हिशोब तिनं केला बरं का. निरोप्याला बाहेरच थांबवून सांगितलं, समोरच्या दारानं नेसान तं येतो. (आमच्याकडं बायाही 'येतो'च म्हणतात, पुण्याच्या दोस्तांनी दचकू नये.) धान नको, लुगडं नको, उष्टं तर बिलकुल नको. नगद. आणि वार तुमचा माणूस पुरेल, मी जागा दाखवीन.

त्या रात्री ती समोरच्या दारानं गेली. वार कोणी पुरली? तिनंच. घरातला एकही माणूस हात लावायला तयार झाला नाही, आणि ती उघडी टाकून येणं तिला जमलं नाही. पैसे मात्र नगद घेतले.

मी ह्या गोष्टीवर पुष्कळ विचार केलाय, डॉकवर पाळीच्या मधल्या वेळात विचारच करायचा असतो. आपल्या चळवळीनं घाणेरडी कामं फेकून दिली, त्यातून आपण माणूस झालो. पण आजारी माणसाचं गू-मूत काढणं आणि मेलेलं ढोर जबरदस्तीनं ओढणं ह्या एकाच टोपलीतल्या गोष्टी आहेत काय? आपण ज्याला शरण गेलो त्या बुद्धाचीच गोष्ट विनयात आहे. एक भिक्षू हगवणीनं आपल्याच घाणीत पडला होता, त्याचे सोबती त्याच्याकडं फिरकत नव्हते. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतला, उचलून बाजेवर ठेवला. मग भिक्षूंना बोलावून झाडलं. बुद्ध शाक्यांच्या घरचा पोरगा, त्याच्यावर कोणत्या जातीनं हे काम लादलं नव्हतं. आणि इथंच, ह्या रामटेकला, नागार्जुनाची टेकडी आहे. रसायन आणि औषधं जाणणारा नागार्जुन इथं राहिला असं परंपरा सांगते. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन सुरू झालं तेव्हापासून ते अवशेष वाकाटकांचे की बौद्धांचे यावर विद्वान भांडताहेत. भांडोत. गडावर राम आहे, खाली कालिदासाच्या नावाचं विद्यापीठ आहे, मेघाला निरोप देणारा यक्ष आहे. गावात ज्यांनी पिढ्यान् पिढ्या नाळा कापल्या त्यांच्या नावाचा साधा ओटा नाही.

शिकलेल्यांच्या वैद्यकीत काय चाललं होतं तेही बघा. १८९७ चा प्लेग. प्लेग आला तो माझ्या डॉकच्या बाजूनंच, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीतून. पुण्यात सावित्रीबाईंनी मुलगा डॉक्टर यशवंत याच्याकडून हडपसरजवळ माळावर दवाखाना काढवला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगानं लागलेलं पोर तिनं पाठीवर टाकून तिथं आणलं. पोर वाचलं, सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेली. तिला आपण पहिली शिक्षिका म्हणतो, फोटोला हार घालतो. पण तिचं मरण नर्सचं मरण आहे. १२ मेला नाइटिंगेलचा दिवा सगळ्या नर्सिंग कॉलेजात लागतो. लागू द्या, बाई मोठीच होती. १० मार्चला त्या कॉलेजात काय लागतं?

आता दुसरं टोक. १२ डिसेंबर १९२९ च्या गांधींच्या 'यंग इंडिया'त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र छापून आलं होतं, बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत घेतलंय. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही, तिला हात लावणार नाही. विनवण्या केल्या, फी मोजली, तेव्हा एका अटीवर आला की बाईला वस्तीबाहेर आणायचं. बाळंतीण बाई, दोन दिवसांची, उचलून बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावला. त्याच वाटेनं परत. दिव्याच्या उजेडात काच बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. आणि गेला. बाई मेली.

तो थर्मामीटर माझ्या डोक्यातून जात नाही. पुढं सांगतो.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्यात हिशोब आहे, देशात ४३,००० माणसांमागं एक नर्स. लोक हा आकडा वाचून हळहळतात. मला वेगळंच दिसतं. लेकरं तर तेव्हाही रोज जन्मत होती. कोणाच्या हातावर? शिकलेल्या नर्स मुख्यत्वे ख्रिस्ती होत्या, कारण वरच्या जातीच्या घरांना परक्याचं अंग पुसणं कमीपणाचं वाटायचं. ती नोकरी सरकारी, पगारी, पेन्शनची झाली तेव्हा हळूहळू सगळ्या जातींच्या मुली आल्या. आल्या ते चांगलंच झालं. मात्र ज्या हातांनी देशातली बहुतेक बाळंतपणं केली त्यांना सरकारनं काय दिलं? काही दिवसांचं ट्रेनिंग आणि एक पेटी. आजीची पेटी आमच्या घरी कितीतरी वर्षं होती, आम्ही पोरं त्यात गोट्या ठेवायचो. ट्रेनिंगनं फायदा झाला नाही असं मी म्हणत नाही. गंजकं पातं गेलं, उकळलेलं ब्लेड आलं, धनुर्वातानं मरणारी लेकरं वाचली. आजी स्वतः म्हणायची, आधी किती गेली माह्या हातून ते मी मोजत नाही. खोटं उदात्तीकरण मला करायचं नाही. दवाखान्यातलं बाळंतपण दाईच्या बाळंतपणापेक्षा सुरक्षित, यात वाद नाही. वाद आहे तो ज्ञान बदललं तेव्हा तिला कुठं फेकलं याचा.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि आशा आली. हजार लोकवस्तीमागं एक बाई, गावची सून, आठवी-दहावी शिकलेली. माझी आई नववी. तिला नेमली तेव्हा आजी दाराशी बसली होती, तिनं एकच विचारलं, "पगार किती?" आई म्हणाली, पगार नाही, मोबदला. कामागणिक. आजी हसली. म्हणाली, "म्हणजे सूपच की."

मित्रहो, ह्या म्हातारीनं अर्थशास्त्राचं एक पुस्तक वाचलं नव्हतं.

कागदावर आशा ही कामगार नाही, ती स्वयंसेविका. म्हणून तिला किमान वेतन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, आणि गंमत बघा, दुसऱ्याच्या बाळंतपणासाठी राबणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणाची पगारी रजा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब उभे राहून सांगत होते की बाळंतपणाच्या काळात कामगार बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. १९२९ ला तो कायदा झाला. १९४३ ला मजूर खात्याचे मंत्री म्हणून त्यांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूतीलाभाच्या कायद्याची दुरुस्ती मांडली. इथं शेजारी मनसर, कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत, खाणकामगार बाई म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगायला नको. म्हणजे खाणीतली बाई १९४३ ला कामगार होती आणि आशा अजून नाही. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेनं शिफारस केली की योजनांत राबणाऱ्या अशा बायांना कामगार माना. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे म्हणून सांगितलं. पुढं सरकतंय, पण बैलगाडीनं.

कामाचा एक नमुना देतो. दवाखान्यात झालेल्या बाळाच्या घरी सहा वेळा जायचं, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. वजन करायचं, ताप बघायचा, नाळ पिकली का बघायची, आईचं दूध, आईचं रक्त, फॉर्म भरायचा. सहा फेऱ्यांचे २५० रुपये. आईच्या पिशवीत वजनकाटा असतो, आणि असतो थर्मामीटर. काठेवाडच्या डॉक्टरनं जो तीन हात लांबून पोचवला तोच. तो घेऊन ती गावातल्या कोणत्याही घरात जाते, तेल्याच्या, कुणब्याच्या, बामणाच्या. लेकराच्या काखेत स्वतःच्या हातानं लावते. हे बदललं आहे. न बदललेलं सांगितलं नाही तर भाषण खोटं होईल. एका घरी अजून तिला पाणी स्टीलच्या पेल्यात नाही, कागदी कपात देतात. ती पीत नाही. तपासून निघते.

कोरोनात केंद्रानं तिला जादा दिले महिन्याला १,००० रुपये. भागाकार करा, दिवसाला ३३. घरोघर फिरून ताप मोजायचा, कोण मुंबईहून आलं, कोण पुण्याहून आलं याची यादी करायची. मुंबईहून आलेला तर मीच होतो, डॉकवरचं काम थंडावलं होतं. तिनं माझंच नाव पहिलं लिहिलं आणि मला गावच्या शाळेत चौदा दिवस टाकलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांना मोठा पुरस्कार दिला, टीव्हीवर आलं. आईनं विचारलं, काही मिळते का त्याचं?

आता वरच्या मजल्यावर चला. दवाखाना मोठा झाला की जात जिन्यानं वर येते. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉक्टर पायल तडवीनं जीव दिला. आदिवासी मुलगी, स्त्रीरोगशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होती. सोबतच्या तीन वरिष्ठ डॉक्टर बायांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला, खटला उभा राहिला. निकाल कोर्ट देईल. पण राखीव जागेवरून आलेल्या कोणत्याही पोराला विचारा, 'कोट्यातला' हा शब्द त्याला वॉर्डात किती वेळा ऐकावा लागतो.

९ जानेवारी २०२१, शेजारच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० लेकरं गेली. त्या आयांबद्दल मी बोलणार नाही, ती ताकद माझ्यात नाही. कारवाई झाली ती बघा. जे कायम नोकरीत होते त्यांच्यातले कोणी निलंबित, कोणाची बदली. ज्या नर्स कंत्राटी होत्या त्यांची नोकरीच संपली. चूक कोणाची किती ते चौकशीवाल्यांनी बघावं. शिक्षा मात्र नेमणुकीच्या कागदाप्रमाणं वाटली गेली.

आणि नांदेड. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं मेली, त्यात १२ नवजात लेकरं. मग एक खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्याच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. अधिष्ठाता आदिवासी. देशभर व्हिडिओ फिरला, अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. मीही संतापलो. पण त्या रात्री माझ्या डोक्यात दुसरंच आलं. संडास साफ करणं ही शिक्षा, ही बेअब्रू, एवढी की देश हळहळतो. मग तेच संडास रोज कोण साफ करतं? त्यांचा व्हिडिओ कोणी काढला? ते कोणत्या वस्तीतून येतात हे खासदाराला ठाऊक नव्हतं काय? ठाऊक होतं, म्हणूनच तर तो झाडू हत्यार म्हणून हातात दिला गेला.

दोन वर्षांपूर्वी माझी दोन बोटं स्लिंगमध्ये चेचली, मुंबईतल्या एका इस्पितळात टाकलं. टाके डॉक्टरनं घातले, सात मिनिटं. त्यानंतरचे चार दिवस मला पाहिलं ते एका वॉर्डबॉयनं. एजन्सीचा माणूस, विदर्भातलाच, आमचाच. भांडं द्यायचा, अंग पुसायचा, रात्री पाणी पाजायचा. रबरी मोजे संपले होते, उघड्या हातानं करायचा. एकदा प्रसूतीच्या मजल्यावरून पिवळी पिशवी घेऊन खाली येताना भेटला. विचारलं, काय आहे? म्हणाला, वार. शरीराचं जे कापलं-पडलं ते पिवळ्या पिशवीत, असा नियम आहे. आता ती जाळली जाते, पुरत नाहीत. मी बोटं धरून जिन्यात उभा राहिलो. आजी, इस्तो, चिमणी, सगळं गेलं, सायन्स आलं, कलर कोड आला. पिशवी उचलणारा हात तोच. महिना किती मिळतो म्हणालो, तर म्हणाला, एजन्सीला जास्त मिळतात, मला विचारू नको.

आता आझाद मैदान, आणि मग थांबतो.

जानेवारी २०२४ ला महाराष्ट्रातल्या आशांचा बेमुदत संप सुरू झाला. फेब्रुवारीत बाया मुंबईत येऊन मैदानावर बसल्या. माझी आई रामटेकहून आली, सोबत तालुक्यातल्या बाया, चटया, पांघरुणं, डब्यात चटणी. जन्मात पहिल्यांदा तिनं मुंबई पाहिली ती अशी. डॉकवरून मैदान लांब नाही. पाळी सुटली की मी जायचो. हजारो बाया, आणि संडास मोजके. पाणी कमी प्यायच्या बिचाऱ्या. आरोग्याच्या बाया! मीच डॉकवरच्या पोरांना सांगून पाण्याचे कॅन आणायचो. भाषणं, घोषणा, जय भीम, लाल सलाम, सगळं एकाच माईकवर. डॉकच्या म्हाताऱ्या कामगारांकडून मी ऐकलंय की टोळीवाल्याच्या मर्जीवर रोज काम मिळायचं तो काळ कसा होता, आणि १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा संप करून, डोकी फोडून घेऊन कसा पदरात पडला. आज मी पुन्हा ठेकेदाराकडं आहे ती वेगळी कथा.

एका रात्री अकराला आईचा फोन वाजला. गावातून. तिच्या यादीतली एक बाई, पहिलटकरीण, कळा सुरू. घर कुणब्याचं, तेच कागदी कपवालं. सासू रडत होती, तू नाही तं कोण येईन? आई संपावर होती. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. मला वाटलं ती म्हणेल, सरकारला विचारा. ती म्हणाली, "रडू नको, घड्याळ पाह्य. कळ किती वेळानं येते ते सांग." मग १०२ लावायला लावला, गाडी आली नाही म्हणून नर्सबाईला झोपेतून उठवलं, शेवटी गावातल्या एकाची बोलेरो काढवली, फाईल कुठल्या कोनाड्यात ठेवली आहे ते सांगितलं, गाडीत डाव्या कुशीवर निजव म्हणाली. बाजूच्या बाया उठून भोवती बसल्या. चार्जिंग संपत आलं तर एकीनं आपला फोन दिला. पहाटे तीनच्या सुमारास दवाखान्यातून कळलं, मुलगी, बाई बरी आहे.

मी म्हणालो, माय, संपात काम केलं तू. ती म्हणाली, "फॉर्म नाही भरीन ना. पैसे नाही घेईन. मंग संपच झाला."

मार्चमध्ये महिन्याला ५,००० रुपये वाढ मंजूर झाली. स्वयंसेविका हा शब्द तसाच राहिला.

त्या पहाटे मला सहाची पाळी होती. मी निघालो तेव्हा ती पांघरूण घडी घालून, ब्रश घेऊन, नळाच्या रांगेत उभी होती. पुढं साठ-सत्तर बाया होत्या.